पांडवांची एक रात्र, बोधिधर्माची नऊ वर्षं

अंबरनाथच्या शिवमंदिराशी उभं राहून शेजारच्या कुणालाही विचारा, हे कुणी बांधलं? उत्तर ठरलेलं आहे. पांडवांनी, एका रात्रीत. मग वर शिखर का उघडं? कोंबडा आरवला, उजाडलं, काम तिथंच राहिलं. महाशिवरात्रीच्या जत्रेत रांगेत उभी असलेली आजी हे नातवाला ज्या खात्रीनं सांगते, ती पाहिली की आपण होऊन वाद घालावासा वाटत नाही.

पण त्याच मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर एक शिलालेख आहे. तो पांडवांचं नावही घेत नाही. त्यात शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे आणि शक वर्ष आहे ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. छित्तराजानं सुरू केलेलं काम त्याचा भाऊ मामवाणी याच्या काळात पुरं झालं, असं इतिहासकार मानतात. गंमत अशी की हे वर्षसुद्धा एका फटक्यात हाती आलेलं नाही. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ते आधी ७८२ असं वाचलं होतं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच दगड पुन्हा पाहिला आणि पहिला आकडा सातचा नसून नऊचा आहे हे दाखवलं. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. एका अंकाच्या वेलांटीत दोनशे वर्षं लपली होती, आणि गुरूचं वाचन शिष्यानं दुरुस्त केलं. यात कुणाचा अपमान झाला, असं दोघांच्या चाहत्यांपैकी कुणाला वाटलं नाही.

त्याआधी, १८६८ साली, मुंबई सरकारच्या हुकमावरून एक तुकडी या मंदिराचं मोजमाप करायला आली होती. जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी नकाशे काढले, नक्षीचे साचे घेतले, फोटो घेतले. आज वालधुनीचं पाणी, कारखान्यांची हवा आणि भाविकांचे हात यांनी झिजलेल्या कित्येक मूर्ती मुळात कशा होत्या हे सांगायला ती कागदपत्रं उपयोगी पडतात.

हे पुस्तक खेळांवर आणि हे प्रकरण चीनच्या परंपरागत खेळांवर, मग सुरुवात देवळापासून का? कारण जुना खेळ अभ्यासायचा म्हणजे काय करायचं, हे मला या देवळानं शिकवलं. आधी दंतकथा भेटते. मग कुणीतरी दगड वाचतो. मग कुणीतरी साचा घेतो. खेळाच्या बाबतीत पहिली पायरी सगळीकडे आहे, दुसरी कुठे कुठे आहे, आणि तिसरीवाचून आपलं भलतंच नुकसान झालंय.

आमच्या लहानपणी उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात गच्चीवर आणि शाळेच्या मोकळ्या पटांगणात संध्याकाळी क्लास चालायचे. पाटीवर एका दमात लिहिलेलं असायचं : कुंग फू, कराटे, ज्यूदो. यातला कुंग फू चीनचा, कराटे ओकिनावा बेटावरून जपानात गेलेला आणि ज्यूदो तर १८८२ साली तोक्योत जिगोरो कानो यांनी बेतलेला, हे आमच्या सरांनाही ठाऊक नसावं. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ येऊन बरीच वर्षं झाली होती तरी त्याचं पोस्टर क्लासच्या भिंतीवर होतं. सर एक गोष्ट मात्र न चुकता सांगायचे. हे सगळं मूळ आपलं. बोधिधर्म नावाचा भारतीय साधू चीनला गेला, शाओलिनच्या मठाजवळ गुहेत नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, आणि ध्यानाला बसून बसून लुळे पडलेले भिक्षू पाहून त्यानं त्यांना व्यायाम शिकवला. त्यातून कुंग फू निघाला. आमची छाती फुगायची. त्या दिवशी जोर पाच-दहा जास्तच निघायचे.

ही गोष्ट चीनमध्येही इतक्याच प्रेमानं सांगितली जाते. आणि ती पांडवांच्या रात्रीसारखीच आहे.

शाओलिन मठ हनान प्रांतात सुंग पर्वताच्या पायथ्याशी आहे. तिथंही एक दगड आहे, ७२८ सालचा. त्यावर कोरलंय की ६२१ साली थांग घराण्याचा राजपुत्र ली शिमीन आपल्या घराण्याच्या सत्तेसाठी लढत होता तेव्हा मठातल्या भिक्षूंनी त्याच्या बाजूनं लढून शत्रूच्या एका नातलगाला पकडून दिलं, आणि बदल्यात मठाला जमीन आणि पाणचक्की मिळाली. भिक्षू लढले, हे पक्कं. ते कुठली मूठ कशी वळवत होते, बोधिधर्मानं त्यांना काय शिकवलं, याबद्दल दगड गप्प आहे. बोधिधर्माला व्यायामाचा गुरू करणारं पुस्तक म्हणजे ‘यीचिन चिंग’, स्नायू पालटण्याचं शास्त्र. त्याला जोडलेली एक प्रस्तावना सातव्या शतकातल्या एका सेनापतीच्या नावावर आहे. पण तिच्यात जो गुरू येतो तो एका कल्पित कथेतला नायक आहे. ‘मला ही विद्या अश्वत्थाम्यानं समोर बसवून शिकवली’ अशी सही असलेला कागद कुणी आणून दिला, तर आपण जेवढा विश्वास ठेवू तेवढाच इथं ठेवायचा. पुस्तक प्रत्यक्षात सतराव्या शतकातलं आहे.

हे सगळं चिनी वाचकांना रोखठोक सांगितलं ते एका चिनी माणसानंच. थांग हाओ त्याचं नाव. जपानात कायदा शिकून आलेला वकील, स्वतः मुष्टियुद्ध शिकलेला. नानचिंगच्या केंद्रीय क्वोशू संस्थेत, म्हणजे ‘राष्ट्रीय विद्ये’च्या संस्थेत, तो काम करत होता. ही संस्था १९२८ साली निघाली. थांगनं १९३० साली शाओलिन आणि वुडांग या दोन परंपरांचा उलगडा करणारं छोटं पुस्तक काढलं. बोधिधर्माचा मुष्टियुद्धाशी संबंध नाही, आणि ताईची ज्याच्या नावावर खपवतात त्या चांग सानफंग नावाच्या ताओ साधूचाही ताईचीशी संबंध नाही, हे त्यानं वकिली शिस्तीनं मांडलं. पैलवान मंडळी भडकली. त्याला बदडायचा बेत होता असं सांगतात. पुराव्याची मागणी करणाऱ्याला बदडायचं, ही परंपरा मात्र खरोखर प्राचीन आणि सर्वदेशीय आहे.

थांगचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. पुस्तकं चाळून तो थांबला नाही. ताईची जिथून पसरली असं म्हणत, त्या हनानमधल्या चेनच्याकोऊ गावी गेला. घराण्याच्या वंशावळी पाहिल्या, घरातले कागद पाहिले, म्हाताऱ्यांशी बोलला. सतराव्या शतकातला चेन वांगतिंग हा ताईचीचा कर्ता असावा, असं त्याचं मत बनलं. पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या या निष्कर्षावरही प्रश्न उभे केले आहेत. केलेच पाहिजेत. सातचा नऊ झाला, उद्या कुणी आणखी बारकाईनं पाहील.

आणि भारताशी नातं हवंच असेल तर खोट्या गोष्टीची गरजही नाही. शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस ज्या भिक्षूसाठी बांधला गेला तो भारतातूनच आलेला होता. चिनी नोंदींत त्याचं नाव बातुओ. तो कुणाला ठोसे मारायला शिकवत नव्हता. ध्यान शिकवत होता. पण त्याचं पोस्टर कोण लावणार?

आता आपल्या घरात डोकावू. मल्लखांबाची कथा महाराष्ट्रातल्या कुठल्याही आखाड्यात ऐकायला मिळते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात हैदराबादकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले आणि त्यांनी आव्हान टाकलं. कुणी पुढे होईना. बाळंभटदादा देवधर या तरुणानं ते उचललं, मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसला. तिथं स्वप्नात मारुती आला आणि त्यानं लाकडी खांबावरचे डाव दाखवले. परत येऊन बाळंभटांनी आव्हान परतवलं. बाळंभटदादा हे खरेखुरे गृहस्थ होते आणि मल्लखांबाला आजचं रूप देण्यात, तो ब्रह्मावर्तापर्यंत नेण्यात त्यांचा वाटा मोठा होता, याबद्दल दुमत नाही. प्रश्न स्वप्नाचा आहे. कारण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार आहेत आणि त्यात ‘स्तंभश्रम’ आहे. खांबावरची मेहनत. अंबरनाथचं देऊळ पुरं झाल्यावर सत्तरेक वर्षांनी लिहिलेलं हे पुस्तक. (सोमेश्वराची कल्याणी म्हणजे आपलं लोकलचं कल्याण नव्हे. ती कर्नाटकातली, आजचं बसवकल्याण. हा घोळ मी छापील पुस्तकात पाहिला आहे.)

म्हणजे मारुतीची गोष्ट टाकून द्यायची का? मी टाकणार नाही. एकदा मल्लखांबाजवळ जाऊन बघा. जमिनीत पुरलेला, सागाचा नाहीतर शिसवीचा, साडेआठ फुटांच्या आसपासचा, वर निमुळता होत गेलेला खांब. वरच्या टोकाला बोंड, त्याखाली मान. एरंडेल चोळचोळून लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालेलं असतं. जवळ गेलं की आधी त्या तेलाचा वास येतो. नवा मुलगा येतो, खांबाला मिठी मारतो, आणि घसरतो. वस्ताद त्याला सांगतात, हातानं चढू नकोस, पायानं धर. मग तो अढी शिकतो. मांड्या आणि पावलं खांबाभोवती अशी आवळायची की दोन्ही हात सोडले तरी अंग खाली येऊ नये. पहिल्या आठवड्यात मांडीची आतली कातडी लाल होते, दुसऱ्यात सोलते, तिसऱ्यात तक्रार थांबते. पुढे तेढी, बगली, दसरंग, घाणा, फिरकी, सुईदोरा. खांब हा प्रतिस्पर्धी पैलवान आहे असं समजून केलेली ही मेहनत. तो ढकलत नाही, पण ढिलंही पडू देत नाही. उलटं लटकून पायानं फांदी धरणारा, हात मोकळे ठेवणारा प्राणी कोण? ज्यानं पहिल्यांदा ही पकड समजावून सांगितली, त्यानं माकडाकडे बोट दाखवलं असणार. चीनमध्येही ‘होउ छ्वान’ म्हणजे माकडमूठ नावाची शैली आहे. दंतकथेनं कर्ता चुकीचा सांगितला, पण तंत्र बरोबर लक्षात ठेवलं. शिलालेखाला ते जमलं नसतं.

म्हणून कर्त्याच्या वंशावळीपेक्षा पकडीची नोंद मला मोलाची वाटते. अशी नोंद करणारा एक थोर माणूस आपल्याकडे होऊन गेला. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार. त्यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या उड्या, लाठी, बोथाटी, फरीगदगा, देशी खेळ असं सगळं त्यात चित्रांसकट आहे. एखादा डाव मांडताना पाऊल कुठे, कोपर कुठे, वजन कुठल्या पायावर, हे ते सांगतात. मराठी माणूस ज्ञानकोश म्हटलं की केतकरांचं नाव घेतो, ते योग्यच आहे. पण मुजुमदारांचे खंड जुन्या ग्रंथालयांत वरच्या फळीवर, दोरीनं बांधलेले पडून असतात.

चीननं हे काम सरकारी फौजफाट्यानं केलं, आणि तेही उशिरा. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, १९६६ ते १९७६, जुन्या वस्तादांचे हाल झाले, पोथ्या जळल्या, तलवारी वितळल्या. मग १९८२ साली जेट लीचा ‘शाओलिन टेंपल’ चित्रपट आला आणि पोरं घरं सोडून मठाच्या वाटेला लागली. त्याच सुमारास, १९८३ ते १९८६ या काळात, देशभर पाहणी झाली. हजारो माणसं गावोगाव गेली. स्वतःची परंपरा, स्वतःचं तंत्र असलेल्या १२९ शैली त्यांनी नोंदवल्या. सत्तरी ओलांडलेल्या वस्तादांचं शेकडो तास चित्रीकरण केलं. हे शेवटचं वाक्य वाचून मला हेवा वाटतो. गुडघे दुखणारा पंचाहत्तरीचा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा आहे, डाव पुरा होत नाही, पण खांदा कधी वळवायचा ते दाखवतोय. यातलं बरंच साहित्य पुढे धूळ खात पडलं, अशी तक्रार चिनी अभ्यासकच करतात. तरी ते आहे. धूळ झटकता येते.

त्यांचं सगळंच घेण्यासारखं आहे असं नाही. स्पर्धेतला आधुनिक वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांचा खेळ, हा जिम्नॅस्टिक्सच्या अंगानं गेला. उडी किती उंच आणि उतरताना पाय हलला का, यावर गुण. जुने वस्ताद याला ‘फुलांच्या मुठी आणि भरतकामाच्या लाथा’ म्हणून नाकं मुरडतात. आणि सकाळी बागेत म्हातारी माणसं जी संथ ताईची करताना दिसतात, तिचा सर्वांत पसरलेला २४ हालचालींचा संच १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं बसवून दिला. ज्याला आपण हजारो वर्षांचं समजून हळवे होतो ते माझ्या काकांपेक्षा लहान आहे. यात फसवणूक काही नाही. आपल्या खोखोचे नियमही पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली बांधले, आणि सूर्यनमस्कार घरोघर नेले ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकात. परंपरा अशीच दर पिढीत पुन्हा शिवून घ्यावी लागते. फक्त टाके कधी घातले त्याची तारीख लिहून ठेवावी.

दोन्ही देशांच्या या खटपटी दोनदा एकाच मैदानावर आल्या. पहिल्यांदा १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथं देशी खेळ दाखवायला गेलं होतं. मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेलं. आणि त्याच बर्लिनमध्ये चीनचं नऊ जणांचं वुशू पथकही प्रात्यक्षिकं करत होतं, त्यात तीन स्त्रिया होत्या. दोन्ही पथकं कुणाला दाखवत होती? युरोपला. आम्हालाही शरीर आहे, हे सांगायची ती धडपड होती. दुसऱ्यांदा १९९० साली, बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत. त्या वर्षी वुशू पदकांच्या यादीत पहिल्यांदा आला आणि कबड्डीही पहिल्यांदाच आली. भारताला त्या स्पर्धेत अख्ख्या पथकात मिळून सुवर्णपदक एकच मिळालं. ते कबड्डीचं होतं. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांनी ज्या खेळासाठी उभा जन्म घालवला, त्यानं चीनच्या राजधानीत देशाची लाज राखली.

चीनची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तिथं अल्पसंख्य जमातींच्या परंपरागत खेळांची राष्ट्रीय स्पर्धा होते. पहिली १९५३ साली तिएनचिनला झाली, १९८२पासून साधारण दर चार वर्षांनी होते. त्यात उंच काठ्यांवर चढून पळणं आहे, झोका आहे, एका बांबूवर उभं राहून नदीत तोल सांभाळत जाणं आहे. आणि भोवरा आहे. एका संघाचा खेळाडू आपला भोवरा आखलेल्या जागेत फिरता ठेवतो, दुसरा दुरून आपला भोवरा फेकून तो उडवतो, आणि मग कुणाचा जास्त वेळ फिरतो ते पाहतात. जाळी घट्ट गुंडाळून, एक डोळा मिटून, समोरच्याच्या भोवऱ्यावर आर आदळायची आणि त्याचा टवका काढायचा, हा खेळ बदलापूरच्या जुन्या गावठाणातली पन्नाशीची माणसं आजही डोळे मिटून सांगतील. तिकडे त्याला पंच आहेत, नियमपुस्तिका आहे, पदक आहे. आपल्याकडे प्लास्टिकचा भोवरा मिळतो, त्याला आर नसते.

बदलापूरचं नाव काढलं की घोड्यांची गोष्ट येतेच. शिवरायांच्या फौजेचे घोडे इथं बदलत, म्हणून बदलापूर. असेल, नसेल. दगड मिळेपर्यंत मी गप्प बसतो. पण ही गोष्ट सांगणाऱ्या माणसाला पुढे विचारावं, तुम्ही लहानपणी हुतूतू खेळायचात तेव्हा गडी बाद झाला की काय व्हायचं? इथं तो सावरून बसतो. कारण जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी परत जिवंत होई. गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नसे, फक्त गुण लिहायचे. आजच्या दिवे लावून खेळल्या जाणाऱ्या कबड्डीत संजीवनी टिकली. आगरी गावांतल्या गावदेवीच्या मैदानावर आधी यातलं काय चाले, दम कुठल्या शब्दावर धरत, ‘हुतूतू’वर की आणखी कशावर, एवढं लिहून घ्यायला वही आणि एक दुपार पुरते. बंगालात हाडुडू म्हणत, तमिळ मुलखात चेडुगुडु. आपल्या पलीकडच्या गावात काय म्हणत?

राहिलं उल्हासनगर. हे शहर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ साली राजाजींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक अजूनही ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. इथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यापलीकडे आपण फारसं विचारलंच नाही.

सिंधचा स्वतःचा कुस्तीप्रकार आहे, मलाखडो. शाह अब्दुल लतीफ यांच्या भिटशाहच्या उरुसात आणि इतर दर्ग्यांच्या जत्रांत त्याचे फड लागतात, ढोल वाजतो. दोन्ही मल्ल एकमेकांच्या कमरेला पीळ दिलेलं कापड बांधतात, ते धरूनच झोंबतात, आणि ज्याची पाठ जमिनीला लागते तो हरतो. आपल्या तांबड्या मातीतल्या कुस्तीत पाडल्यानं काम भागत नाही. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या हौदात समोरच्याला पाडायचं, मग त्याच्यावर स्वार होऊन घिस्सा ओढायचा, मोळी बांधायची, दोन्ही खांदे टेकवून चितपट करायचं. त्याला आसमान दिसलं पाहिजे. आणि चीनच्या श्वाइच्याओ कुस्तीत जाड कापडाची आखूड बाह्यांची बंडी घालून तिची पकड घेतात. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की डाव संपला. जमिनीवरची झुंज नाहीच. आता हे तिन्ही शेजारी ठेवून पाहा. सिंधचा मलाखडो आपल्या कुस्तीपेक्षा चीनच्या श्वाइच्याओला जवळचा वाटतो. पकड कापडाची, निकाल पडण्याचा. एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पुन्हा बोधिधर्म उभा करायचा नाही. पण जिथं कापड धरून झोंबतात तिथं नियम असेच का घडतात, हा प्रश्न बीजिंगच्या विद्यापीठात जितका विचारता येतो तितकाच उल्हासनगरच्या बाजारातही येतो.

फरक एवढाच की फाळणीच्या वेळी मलाखडो डोळ्यांनी पाहिलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. दगडावरचा आकडा भगवानलालांची वाट पाहत आठशे वर्षं थांबला. हा माणूस थांबणार नाही.

अशा कामाला विद्वान असावं लागत नाही. माझी पद्धत सांगतो. ‘तुमच्या परंपरेविषयी सांगा’ असं कधीच विचारायचं नाही. माणूस भाषण करतो, पांडव येतात, बोधिधर्म येतो. विचारायचं ते हाताविषयी. मग शब्द कमी पडतात, तो उठून उभा राहतो, तुमचा हात धरून दाखवतो, आणि त्या क्षणी फोनचा कॅमेरा चालू पाहिजे. त्याची भाषा त्याच्याच शब्दांत लिहायची. डावाचं नाव सिंधी असेल तर सिंधीच ठेवायचं, त्याचं मराठी करायला जायचं नाही. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या, तारखेसह. भाऊ दाजींचं चुकीचं वाचन छापलेलं होतं म्हणूनच ते दुरुस्त करता आलं.

तेव्हा पुढच्या रविवारी अंबरनाथचं देऊळ पाहून झालं की घरी जायची घाई करू नका. एक स्टेशन मागे, उल्हासनगरला उतरा. कॅम्पातल्या एखाद्या दुकानात गल्ल्यामागे मुलगा बसलेला असेल आणि बाजूच्या खुर्चीवर दादा. मुलाकडून काहीतरी विकत घ्या, मग दादांना नमस्कार करून विचारा : मलाखडोत कापडाला पीळ किती द्यायचे आणि गाठ कुठल्या बाजूला मारायचे? कॅमेरा आधीच चालू करून ठेवा.